रूथची गादी आणि १९६१ चा हंगाम

१३ ऑक्टोबर १९६० या दिवशी पिट्सबर्ग शहरातील फोर्ब्स फील्ड मैदानावर, वर्ल्ड सीरिज या दोन लीगांच्या विजेत्यांमधील अंतिम लढतीच्या सातव्या आणि निर्णायक सामन्याच्या नवव्या डावात, बिल मॅझेरोस्की याने मारलेला चेंडू डाव्या बाजूच्या भिंतीपलीकडे गेला आणि अमेरिकेतील सर्वांत वैभवशाली समजला जाणारा न्यूयॉर्क यांकीज हा बेसबॉल संघ पराभूत झाला. सातही सामन्यांच्या धावांची बेरीज केली तर यांकीजच्या पदरी ५५ आणि पिट्सबर्गच्या पदरी अवघ्या २७ धावा पडतात. परंतु निकाल बेरजेवर लागत नसून सामन्यांवर लागतो, आणि चार सामने पिट्सबर्गने जिंकले होते. या पराभवाचे खापर फुटले ते केसी स्टेंगेल यांच्या माथ्यावर. बारा वर्षांच्या कारकीर्दीत दहा वेळा आपल्या लीगचे अजिंक्यपद आणि त्यांपैकी सात वेळा वर्ल्ड सीरिज मिळवून देणाऱ्या या मॅनेजरला, वयाची सत्तरी गाठल्याचे निमित्त पुढे करून, संघाच्या मालकांनी पाचच दिवसांत निरोप दिला. राज्य नव्हे तर केवळ एक लढाई गमावलेल्या सेनापतीला अशा रीतीने बरखास्त करणे कित्येकांना कृतघ्नपणाचे वाटले, आणि ते वाटणे वावगे नव्हते. तथापि रिकाम्या झालेल्या जागेवर जो पुरुष नेमला गेला त्याच्या हातून पुढील वर्षी जे घडले, ते पाहता इतिहासाला त्या नेमणुकीबद्दल तक्रार करता येत नाही.

त्या पुरुषाचे नाव राल्फ हाउक. कॅन्सस प्रांतात जन्मलेला हा गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात साधा शिपाई म्हणून सैन्यात शिरला आणि मेजरच्या हुद्द्यापर्यंत चढून, शौर्यपदके छातीवर लावून परतला. त्यामुळे 'मेजर' हे नाव त्याला आयुष्यभर चिकटले. खेळाडू या नात्याने त्याचा लौकिक जवळजवळ शून्य होता. यॉगी बेरा यांच्यासारखा, फलंदाजामागे चेंडू झेलणारा अद्वितीय कॅचर संघात असताना दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या कॅचरला बाकावर बसून राहण्यावाचून गत्यंतर नसते, आणि हाउक यांना आठ हंगामांत मिळून शंभर सामनेही वाट्याला आले नाहीत. परंतु बाकावर बसणाऱ्याला बाकावरच्या माणसाचे मन कळते. पुढे डेन्व्हर येथील दुय्यम संघाचा कारभार पाहताना बॉबी रिचर्डसन, टोनी क्युबेक यांसारखी जी तरुण मुले त्यांच्या हाताखालून गेली, तीच आता न्यूयॉर्कच्या मुख्य संघात स्थिरावली होती. स्टेंगेल बुद्धिबळातल्या सोंगट्यांप्रमाणे खेळाडूंना रोज हलवीत; आज खेळणारा उद्या खेळेल की नाही याची शाश्वती नसे. हाउक यांनी पहिल्याच वर्षी हा प्रघात मोडला. ज्याची जी जागा, ती त्याची. एक दिवस चेंडू बॅटला लागला नाही म्हणून दुसऱ्या दिवशी नाव यादीतून खोडले जाणार नाही, असा भरवसा त्यांनी दिला. पुढे घडलेल्या सर्व अद्भुत गोष्टींचे मूळ या भरवशात आहे, असे माझे मत आहे.

पुढील कथा कळण्यासाठी, क्रिकेटवर पोसलेल्या मराठी वाचकाने या खेळातील दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. पिचरने फेकलेला चेंडू मारून फलंदाजाने चार बेसांची प्रदक्षिणा पुरी केली की एक धाव होते. आणि चेंडू दोन्ही बाजूंच्या मर्यादारेषांच्या आतून थेट कुंपणापलीकडे गेला, तर मारणारा व त्या वेळी बेसांवर उभे असलेले त्याचे सारे सोबती बिनधोक घरी परततात. हाच होमरन. दुसरी गोष्ट अशी की, नऊ फलंदाजांचा क्रम सामन्यापूर्वी लिहून द्यावा लागतो आणि तोच क्रम चक्राप्रमाणे फिरत राहतो. म्हणून तुमच्यामागून कोण येणार, हे तुमच्या हातातल्या बॅटइतकेच महत्त्वाचे ठरते. भयंकर फलंदाज समोर आला आणि त्याच्यामागे एखादा दुबळा असला, तर त्या काळी पिचर मुद्दाम दूर चेंडू टाकून पहिल्याला फुकटचा बेस बहाल करी व दुसऱ्याशी गाठ घेई. नियमाने त्याला कोणी अडवू शकत नाही.

होमरनला या खेळाचे राजचिन्ह बनविले ते जॉर्ज हर्मन रूथ याने, ज्याला सारे जग 'बेब' रूथ म्हणून ओळखते. बाल्टिमोर शहरातील दरिद्री वस्तीत जन्मलेला हा मुलगा बॉस्टनच्या संघात प्रथम नामांकित पिचर म्हणून चमकला, आणि १९१९ च्या अखेरीस एक लाख डॉलर रोख मोजून यांकीजनी त्याला विकत घेतले. पुढच्याच हंगामात त्याने ५४ होमरन मारले. त्या वर्षी अमेरिकन लीगमधील दुसऱ्या कोणत्याही संपूर्ण संघाला तेवढे मारता आले नाहीत. १९२१ मध्ये ५९ झाले, आणि ३० सप्टेंबर १९२७ रोजी वॉशिंग्टनच्या टॉम झॅकरी या पिचरच्या चेंडूवर साठावा होमरन नोंदला गेला. १९२७ चा तो यांकी संघ, ज्याने ११० सामने जिंकले व अवघे ४४ गमावले, आजही जाणत्यांच्या तोंडी आदर्श म्हणून असतो. त्याचा मॅनेजर मिलर हगिन्स हा चणीने लहान आणि कायद्याची पदवी घेतलेला मनुष्य होता. दोनच वर्षांपूर्वी त्याने बेशिस्तीबद्दल खुद्द रूथला पाच हजार डॉलरांचा दंड ठोठावून संघाबाहेर बसविण्याचे धैर्य दाखविले होते. रूथच्या मागोमाग फलंदाजीला येई तो लू गेरिग, ज्याने त्याच हंगामात ४७ मारले. म्हणजे रूथच्या साठाच्या पाठीशीही एक मॅनेजर आणि एक पाठीराखा फलंदाज होताच. काळाच्या ओघात लोकांना केवळ रूथ आठवत राहिला.

यांकी स्टेडियमच्या मैदानातच, मध्यभागाच्या दूरच्या कुंपणापाशी, खेळाच्या हद्दीच्या आत, हगिन्स, गेरिग आणि रूथ या तिघांची स्मारके त्या काळी उभी होती. मधल्या भागात क्षेत्ररक्षण करणारा खेळाडू उंच चेंडूमागे धावत गेला की या तीन शिळांच्या सान्निध्यात पोहोचे. १९६१ मध्ये त्या जागी धावणारा खेळाडू होता मिकी मँटल.

मँटल हा या गादीचा मान्यताप्राप्त वारस होता. ओक्लाहोमा प्रांतातील शिसे-जस्ताच्या खाणींत राबणाऱ्या बापाने त्याला बाळपणापासून उजव्या व डाव्या अशा दोन्ही हातांनी फलंदाजी करण्याचे शिक्षण दिले होते, आणि एकोणिसाव्या वर्षी तो न्यूयॉर्कला आला तेव्हा त्याचे बळ आणि वेग पाहून जुने जाणते थक्क झाले. १९५६ मध्ये त्याने ५२ होमरन मारले. त्याच्याआधी ती मधली जागा भूषविणारा जो डिमॅजिओ प्रेक्षकांच्या हृदयात इतका रुजला होता की, त्याच्याजागी आलेल्या या मुलाची ते वर्षानुवर्षे हुर्यो करीत राहिले. दुखऱ्या पायांवर पट्ट्या गुंडाळून खेळणाऱ्या मँटलला प्रेम मिळण्यासाठी दहा वर्षे थांबावे लागले. ते प्रेम त्याला अखेर मिळाले १९६१ मध्ये, आणि ज्या कारणाने मिळाले ते विचार करायला लावणारे आहे: प्रेक्षकांना हुर्यो करण्यासाठी त्या वर्षी दुसरा कोणी सापडला होता.

तो दुसरा म्हणजे रॉजर मॅरिस. मिनेसोटा प्रांतातील हिबिंग गावी जन्मलेला आणि उत्तर डकोटातील फार्गो येथे वाढलेला, रेल्वेत नोकरी करणाऱ्या क्रोएशियन वंशाच्या बापाचा हा मुलगा अबोल होता. आणि बोलला तर सरळ व रोखठोक बोले. क्लीव्हलंड, मग कॅन्सस सिटी असा प्रवास करीत डिसेंबर १९५९ मध्ये एका अदलाबदलीत तो यांकीजकडे आला. पहिल्याच हंगामात ३९ होमरन मारून त्याने लीगमधील सर्वश्रेष्ठ खेळाडूचा किताब पटकावला, उजव्या बाजूच्या क्षेत्ररक्षणात आणि तेथून होणाऱ्या त्याच्या फेकीत दोष काढायला जागा नव्हती. तरी न्यूयॉर्कच्या लेखी तो परकाच राहिला. ज्या घराण्यात रूथपासून गेरिग, गेरिगपासून डिमॅजिओ, डिमॅजिओपासून मँटल अशी अखंड परंपरा आहे असे लोक मानीत, त्या घराण्यात हा बाहेरून आलेला माणूस कुठल्या नात्याने बसावयाचा, हा प्रश्न कोणी उघड विचारला नाही, पण सर्वांच्या मनात तोच होता.

१९६१ चा आरंभ मॅरिसला अतिशय वाईट गेला. संघाचे दहा सामने संपेपर्यंत त्याला एकही होमरन मारता आला नाही. पहिला आला २६ एप्रिलला, डेट्रॉइट येथे, आणि एप्रिल महिना तेवढ्या एकावरच सरला. मेच्या मध्यापर्यंत एकूण आकडा तीनच होता. स्टेंगेलच्या राजवटीत अशा माणसाला काही दिवस बाकावर बसावे लागले असते. हाउक यांनी त्याला हलविले नाही. हलविले ते फलंदाजीच्या क्रमात. मॅरिस तिसरा आणि त्याच्या पाठीवर चौथा मँटल, अशी जोडी त्यांनी कायम केली. या एका लेखी ओळीचा परिणाम किती खोल झाला याचा दाखला आकड्यांतच आहे: त्या संपूर्ण हंगामात, रूथच्या विक्रमाचा पाठलाग करणाऱ्या या फलंदाजाला एकाही पिचरने हेतुपुरस्सर फुकटचा बेस दिला नाही. एकदाही नाही! मॅरिसला सोडले तर समोर मँटल उभा राहणार, तोही बेसवर एक माणूस असताना. त्यापेक्षा मॅरिसशीच झुंज घेतलेली बरी, असा विचार प्रत्येक पिचरने केला. मँटलची सावली मॅरिसवर पडली होती असे वृत्तपत्रे निंदेने लिहीत; परंतु तीच सावली त्याचे छत्र होती, आणि ते छत्र धरण्याचा हुकूम हाउक यांचा होता.

मे महिन्याच्या अखेरीस मॅरिसचा आकडा १२ झाला, जूनच्या अखेरीस २७, आणि २५ जुलैच्या एकाच दिवशी शिकागोच्या संघाविरुद्ध झालेल्या दोन सामन्यांत मिळून चार मारल्यावर तो ४० वर जाऊन पोहोचला. मँटल त्याच्या खांद्याला खांदा लावून चालत होता. दोघेही रूथच्या १९२७ च्या गतीच्या पुढे होते, आणि वृत्तपत्रांनी रूथच्या तारखा व या दोघांच्या तारखा शेजारीशेजारी मांडून रोज तक्ते छापण्यास प्रारंभ केला.

याच सुमारास, १७ जुलै रोजी, बेसबॉलचे कमिशनर फोर्ड फ्रिक यांनी जे जाहीर केले, त्यावाचून या हंगामाची कथा सांगताच येत नाही. त्या वर्षी अमेरिकन लीगमध्ये आठांचे दहा संघ झाले होते, आणि वेळापत्रक जुळविण्यासाठी प्रत्येक संघाचे सामने १५४ वरून १६२ करण्यात आले होते. फ्रिक यांनी फर्मान काढले की, रूथचा विक्रम १५४ सामन्यांच्या आत मोडला गेला तरच तो मोडला असे समजावे. नंतरच्या आठ सामन्यांत मोडला तर नोंदवहीत त्या आकड्यापुढे काही वेगळी खूण असावी. डिक यंग या क्रीडालेखकाने ती खूण तारकेची असावी असे सुचविले, आणि तेव्हापासून 'तारका' हा शब्द मॅरिसच्या नावाला जळवेसारखा चिकटला. क्रिकेटच्या धावफलकावर फलंदाजाच्या आकड्यापुढील तारका म्हणजे तो नाबाद राहिल्याचा बहुमान, हे पाहण्याची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना ही तारका कलंक म्हणून लावली जाणार होती, हे समजून घेण्यास थोडा प्रयास पडतो. दैवाचा खेळ असा की, नेमक्या त्याच दिवशी बाल्टिमोर येथे पावसाने दुसरा सामना अर्धवट बंद पडला आणि त्यात मॅरिसने मारलेला एक होमरन हिशेबातून वाहून गेला.

फ्रिक हे वाईट गृहस्थ होते असे कोणीही म्हणत नाही. परंतु तरुणपणी ते न्यूयॉर्कमध्ये क्रीडावार्ताहर असताना रूथच्या नावाने छापून येणारे लेख त्यांनीच लिहिले होते, रूथशी त्यांचा निकटचा स्नेह होता, आणि त्या स्नेहाची छाया या निर्णयावर पडली नाही असे मानणे कठीण आहे. नियम बदलायचाच होता तर तो एप्रिलमध्ये, चेंडू फेकला जाण्यापूर्वी सांगावयास हवा होता. शर्यत अर्ध्यावर आल्यानंतर अंतर मोजण्याची दोरी बदलणे हे न्यायासनाला शोभत नाही. काळाकाळांतील भेद मोजावयाचाच, तर तो सगळाच मोजला पाहिजे. नव्या संघांमुळे पिचरांचा दर्जा थोडा उतरला होता, हे खरे. परंतु रूथच्या काळी या खेळात एकाही कृष्णवर्णीयाला प्रवेश नव्हता, रात्रीच्या प्रकाशझोतात सामने होत नसत, आणि लॉस एंजेलिसपर्यंत खंड ओलांडून खेळायला जावे लागत नसे, हेही तितकेच खरे. आणि शेवटी जेव्हा दोघांच्या नोंदी पडताळल्या जातात तेव्हा आढळते ते असे: रूथ १९२७ मध्ये ६९१ वेळा फलंदाजीला उभा राहिला, मॅरिस १९६१ मध्ये ६९८ वेळा. आठ सामन्यांचा एवढा गवगवा झाला, पण प्रत्यक्ष संधींतील अंतर अवघे सातांचे होते.

ऑगस्टअखेर मॅरिसचे ५१ आणि मँटलचे ४८ झाले. आता दररोज, सामन्यापूर्वी आणि सामन्यानंतर, खेळाडूंच्या खोलीत वार्ताहरांचा गराडा पडू लागला. क्लबाने त्यांच्यासाठी वेळ नेमून दिली नाही की मध्ये कोणी माणूस उभा केला नाही, आणि तोच प्रश्न पन्नास जणांकडून पन्नास वेळा ऐकण्याची शिक्षा मॅरिसला एकट्याला भोगावी लागली. त्याच्या तुटक उत्तरांचे मथळे झाले, मथळ्यांवरून तो उद्धट ठरला, आणि उद्धट ठरल्यावर त्याच्याच मैदानावरचे त्याचेच प्रेक्षक त्याची हुर्यो करू लागले. रॉजर्स हॉर्न्सबी यांच्यासारख्या जुन्या महारथीनेही, एवढ्या सामान्य सरासरीच्या माणसाने रूथला मागे टाकणे शोचनीय होईल, अशा आशयाचे उद्गार काढले. मनावरच्या ताणाने मॅरिसच्या डोक्याचे केस पुंजक्यांनी गळू लागले. दोघा स्पर्धकांत वैर आहे, ते एकमेकांशी बोलत नाहीत, अशा बातम्या बिनदिक्कत छापल्या जात होत्या; वस्तुस्थिती अशी होती की मॅरिस, मँटल आणि त्यांचा सोबती बॉब सर्व्ह हे तिघे क्वीन्स भागातील एका घरात एकत्र राहत होते, आणि वैराच्या त्या बातम्या सकाळी एकाच टेबलाशी बसून वाचत होते.

या द्वंद्वाच्या गदारोळात संघ आपले मुख्य काम करीतच होता, आणि ते काम सोपे नव्हते, कारण डेट्रॉइटचा संघ त्या वर्षी १०१ सामने जिंकणार होता. सप्टेंबरच्या पहिल्या तीन दिवशी दोन्ही संघ न्यूयॉर्कमध्ये समोरासमोर आले तेव्हा अंतर केवळ दीड सामन्याचे होते. पहिल्या रात्री पासष्ट हजारांहून अधिक लोकांसमोर यांकीजनी एका धावेने विजय मिळविला. दुसऱ्या दिवशी मॅरिसने दोन होमरन मारले. तिसऱ्या दिवशी हाताला दुखापत झालेली असताना मँटलने दोन मारले आणि एल्स्टन हॉवर्डने अखेरच्या डावात निकाल लावला. हा हॉवर्ड म्हणजे यांकीजच्या संघात शिरलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. हाउक यांनी बेरा यांना डाव्या बाजूच्या क्षेत्ररक्षणाकडे वळवून कॅचरची मुख्य जबाबदारी त्याच्यावर सोपविली, आणि त्याने ३४८ सहस्रांशांची सरासरी राखून तो विश्वास सार्थ केला. त्या तीन दिवसांनंतर डेट्रॉइटचा संघ पुन्हा डोके वर काढू शकला नाही. आणि एकाच संघातील दोन खेळाडूंनी एकाच हंगामात प्रत्येकी पन्नास होमरन गाठल्याची या खेळाच्या इतिहासातील पहिलीच नोंद झाली.

मँटल मात्र इथून खचत गेला. सर्दी-तापाने बेजार झालेल्या त्याला एका डॉक्टराने दिलेल्या इंजेक्शनमुळे कंबरेजवळ गळू झाले, आणि ५४ व्या होमरननंतर त्याला रुग्णालयात दाखल व्हावे लागले. प्रेक्षकांनी ज्याच्यावर आपली सर्व आशा ठेवली होती तो वारस शर्यतीतून बाहेर पडला, आणि उरला तो नकोसा असलेला एकटा.

२० सप्टेंबरला फ्रिक यांच्या मुदतीचा अखेरचा सामना बाल्टिमोरमध्ये, म्हणजे रूथच्या जन्मगावी आला. मॅरिसचे ५८ झाले होते. तिसऱ्या डावात मिल्ट पॅपस याच्या चेंडूवर ५९ वा गेला, आणि एकच हवा होता तो मिळण्याची तीन वेळा संधी आली. शेवटच्या वेळी बाल्टिमोरच्या मॅनेजरने हॉइट विल्हेल्म याला पुढे आणले, ज्याचा 'नकलबॉल' फिरत नाही, उलट हवेत हेलकावे खात येतो आणि कोठे वळेल हे फेकणाऱ्यालाही सांगता येत नाही. अर्धवट रोखलेल्या बॅटला लागून चेंडू जमिनीवरून घरंगळत विल्हेल्मच्याच हाती गेला, आणि मुदत संपली. माझ्या दृष्टीने त्या रात्रीची खरी नोंद वेगळीच आहे: तो सामना ४ विरुद्ध २ धावांनी जिंकून यांकीजनी लीगचे अजिंक्यपद निश्चित केले, आणि हाउक यांना जे हवे होते ते त्यांच्या पदरात पडले. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांना हे दुय्यम वाटले.

सहा दिवसांनी साठावा आला, तो जॅक फिशर याच्या चेंडूवर, ज्याच्या चेंडूवर वर्षभरापूर्वी टेड विल्यम्सने आपल्या आयुष्यातील अखेरचा होमरन मारला होता. दुसऱ्या दिवशी मॅरिसने विश्रांती मागितली आणि हाउक यांनी ती दिली. विक्रम एका पावलावर असताना, मोजकेच सामने शिल्लक असताना, एखाद्या लोभी मॅनेजरने किंवा लोभी खेळाडूने हे केले नसते.

१ ऑक्टोबर १९६१, रविवार, हंगामाचा शेवटचा दिवस; प्रतिपक्ष बॉस्टनचा, ज्याने एके काळी रूथला विकले होते. सदुसष्ट हजारांच्या आसपास माणसे मावणाऱ्या त्या स्टेडियममध्ये केवळ २३,१५४ प्रेक्षक आले, आणि त्यांतील कित्येक उजव्या बाजूच्या सज्जात दाटीने बसले, कारण चेंडू पकडणाऱ्यास पाच हजार डॉलर देण्याची जाहिरात कॅलिफोर्नियातील एका हॉटेलमालकाने केली होती. उरलेल्या खुर्च्या रिकाम्या होत्या. कमिशनरच्या फर्मानाने लोकांच्या मनातून त्या दिवसाचे मोल आधीच काढून घेतले होते, याहून त्याचा स्पष्ट पुरावा कोणता? चौथ्या डावात ट्रेसी स्टॉलर्ड या तरुण पिचरने दोन चेंडू बाहेर टाकले, तेव्हा मॅरिसला फुकटचा बेस देऊन सोडून देतो की काय म्हणून लोकांनी आरडाओरडा केला. तिसरा चेंडू त्याने सरळ टाकला; पराभूत संघाच्या त्या पिचरच्या नावावर हा प्रामाणिकपणा लिहून ठेवला पाहिजे. मॅरिसने तो उजव्या सज्जात भिरकावला, मान खाली घालून नेहमीच्या गतीने चार बेस पुरे केले आणि डगआउटमध्ये शिरला. सोबत्यांनी त्याला परत बाहेर ढकलले. टोपी उंचावून पुन्हा आत यायला लागला तर पुन्हा ढकलले. चेंडू ब्रुकलिनच्या एका एकोणीस वर्षांच्या तरुणाला सापडला होता. तो चेंडू त्याने मॅरिसला देऊ केला, तेव्हा मॅरिसने तो घेतला नाही; तूच ठेव आणि त्याचे पैसे कर, असे त्याला सांगितले. सामना यांकीजनी १–० ने जिंकला. त्या दिवसाची एकमेव धाव म्हणजे तो होमरन.

वर्ल्ड सीरिजमध्ये सिनसिनाटीचा पाच सामन्यांत पाडाव झाला. तेथेही रूथचा आणखी एक विक्रम पडला, ज्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही: वर्ल्ड सीरिजमध्ये सलग २९⅔ डाव एकही धाव न देण्याचा, बॉस्टनकडून पिचर असताना रूथने केलेला विक्रम व्हाइटी फोर्डने मागे टाकला. फोर्ड हाही हाउक यांच्या पद्धतीचा एक साक्षीदार. स्टेंगेल त्याला बलाढ्य संघांसाठी राखून ठेवीत, आणि त्यामुळे एकाही हंगामात त्याला वीस विजय मिळाले नव्हते; हाउक यांनी दर चौथ्या दिवशी चेंडू त्याच्या हाती दिला, आणि त्याने पंचवीस सामने जिंकून केवळ चार गमावले. होमरनांचा हिशेब असा: मॅरिसचे ६१, मँटलचे ५४, त्यांचा सोबती स्कौरनचे २८, बेरा यांचे २२, हॉवर्ड आणि जॉनी ब्लँचर्ड यांचे २१–२१. केवळ या सहा जणांचे २०७, आणि सर्व संघाचे मिळून २४०. हा संघाचा विक्रम पस्तीस वर्षे टिकला. मॅरिस-मँटल जोडीच्या ११५ च्या जवळ रूथ-गेरिगचे १०७ देखील पोहोचत नाहीत. सर्वश्रेष्ठ खेळाडूचा किताब मॅरिसला लागोपाठ दुसऱ्यांदा मिळाला, आणि १६२ सामन्यांपैकी १०९ जिंकलेल्या या संघाला १९२७ च्या संघाच्या पंगतीत बसविण्यास मी तरी संकोच करणार नाही.

पुढील वर्षी मॅरिसने ३३ होमरन मारले, आणि साठांहून कमी म्हणून ते अपयश ठरविले गेले. त्याच वर्षीच्या वर्ल्ड सीरिजच्या सातव्या सामन्यात, अखेरच्या डावात, विली मेज याने उजव्या कोपऱ्याकडे मारलेला चेंडू त्याने इतक्या चपळाईने अडवून आत फेकला की सान फ्रान्सिस्कोचा धावपटू तिसऱ्या बेसवरच थबकला आणि यांकीजची १–० ची आघाडी व अजिंक्यपद वाचले. हे स्मरणात ठेवणारे थोडे. पुढे हाताची दुखापत, मग १९६६ च्या अखेरीस सेंट लुईसकडे रवानगी, तेथे १९६७ मध्ये आणखी एक वर्ल्ड सीरिज, आणि १९६८ नंतर निवृत्ती. न्यूयॉर्कला तो बरीच वर्षे फिरकला नाही. १९८४ मध्ये यांकीजनी त्याचा ९ हा क्रमांक कायमचा राखून ठेवला. पुढच्याच वर्षी, १४ डिसेंबर १९८५ रोजी, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी कर्करोगाने त्याचा अंत झाला. कमिशनरांनी नेमलेल्या समितीने १५४ व १६२ सामन्यांतील तो भेद नोंदींतून रद्द केला, तो १९९१ मध्ये. ज्याच्यावर अन्याय झाला तो हा निकाल ऐकायला उरला नव्हता, आणि खेळाच्या सन्मानभवनाची दारे आजवर त्याला उघडलेली नाहीत.

१९९८ मध्ये मार्क मॅग्वायर आणि सॅमी सोसा यांनी, व २००१ मध्ये बॅरी बाँड्स याने ६१ चा आकडा मागे टाकला. उत्तेजक द्रव्यांच्या वापराच्या संशयाने ते विक्रम झाकोळले. अमेरिकन लीगमध्ये मात्र मॅरिसचा आकडा एकसष्ट वर्षे टिकला. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी टेक्सासमध्ये आरन जज याने ६२ वा मारला. तोही यांकीजचाच, मॅरिसप्रमाणेच उजव्या बाजूचा क्षेत्ररक्षक, आणि मॅरिसचा मुलगा त्या पाठलागात कित्येक दिवस त्याच्यासोबत मैदानामैदानांवर हजर राहिला होता. संघाचा तो १६१ वा सामना होता. १५४ ची मुदत केव्हाच उलटून गेली होती, आणि त्या आकड्यापुढे कसली खूण लावावी असे त्या दिवशी कोणत्याही अधिकाऱ्याने सुचविले नाही.